आंदणाचं पाणी

कोंदणीत दिशा दोनच. वर आणि खाली. अमका कुठं गेला म्हणून विचारलं, तर माणूस हनुवटी वर तरी उचलतो, नाहीतर खाली तरी नेतो. वर म्हणजे वाघजाईचा डोंगर आणि त्याच्या खांद्यावर बसलेली उंबरमाची, तिथली चाळीस घरं. खाली म्हणजे भाताची खाचरं, ओढा, डांबरी, अकोल्याची यष्टी, आणि त्यापुढं संगमनेर, नगर, सगळी दुनिया. मधे एके ठिकाणी डोंगरानं जरा मांडी घातली आहे. त्या मांडीवर कोंदणी.

गाव कधी वसलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. सांगतात ते एवढंच, की प्रवरेच्या काठाकडून सात घरं चढून आली आणि त्यांनी डोंगराची माती अडवून बांध घातले. खाचरांची नावं अजून त्या माणसांची आहेत. आंधळीचं खाचर, दोघा भावांचं खाचर, रुसलेलं खाचर. माती चांगली निघाली. पाणी मात्र दिवाळीनंतर आटायचं. उंबरमाचीच्या एका बापानं आपली भिवराई नावाची लेक ह्या नव्या गावात दिली. उन्हाळा लागला की ती चढून यायची, माहेरच्या झऱ्यावर घागर भरायची आणि कुणाच्या डोळ्याला डोळा न देता उतरून जायची. एक दिवस बाप झऱ्यावर येऊन उभा राहिला. म्हणाला, चोरासारखी काय येतेस? झरा माझा हाय, पानी तुला आंदन दिलं. आणि घागर स्वतः भरून लेकीच्या डोक्यावर ठेवली.

तिथून रीत पडली. उंबरमाचीच्या ज्या लेकी कोंदणीत नांदतात, त्यांतली थोरली मार्गशीर्षात नव्या तांदळाचं सूप डोक्यावर घेऊन झऱ्यावर जाते. तिचा भाऊ समोर येतो. सूप तो उतरवून घेतो, खण देतो, पहिली घागर भरून बहिणीच्या डोक्यावर ठेवतो. मग वर्षभर कोंदणीनं पाणी न्यावं, विचारू नये.

ही रीत मोडून बावीस वर्षं झाली होती. यंदा फाल्गुनात उंबरमाचीनं झऱ्याला सिमेंटची कोठी बांधली, मोटर बसवली, कोठीला लोखंडी झाकण घातलं, झाकणाला कुलूप.

वैशाख लागला होता. बनुबाईच्या अंगणात बाळहिरडा वाळत पडला होता आणि ती उकिडवी बसून त्यातली पानं, काड्या निवडत होती. चौऱ्याहत्तरी उलटलेली बाई. हिरड्यानं बोटं पेरापर्यंत काळी झालेली. खालच्या खाचरात तिचा मुलगा मच्छिंद्र भाताच्या रोपांसाठी राब भाजत होता. शेण आणि पालापाचोळ्याचा धूर डोंगराच्या अंगाला घासत वर निघाला होता.

सरपंच सहादेव अंगणात आला. चप्पल हिरड्याच्या कडेला काढली.

"काकी, बरं हाय का?"

"बरं न्हाई म्हनलं तर काय औषिद आनलंस?"

सहादेव हसला आणि ओट्यावर टेकला. "औषिदच आनलंय म्हना. गुरुवारी मोजनीदार येनार, मशीन घिऊन. झरा कुनाच्या शिवंत हाय ते ठरवून जानार. आपल्या निघाला की योजना मंजूर. घरोघर नळ, काकी. तुमच्या दाराशी."

"नकाशा आसंल की त्यांच्याकडं."

"हाय ना. पर जुनाट. रेघ येवढी जाड, की झराबी तिच्याखाली आन उंबरबी तिच्याखाली. शिवंचा धोंडा जाग्यावर न्हाई. साहेब म्हनले, जुन्या मानसांचा जबाब घिऊ. खालचं एक, वरचं एक."

"वरचं कोन?"

सहादेवानं एक हिरडा उचलून बोटात फिरवला. "गोरक्षनाना."

बनुबाईचा हात थांबला नाही. पान बाजूला, काडी बाजूला. गोरक्ष तिचा धाकटा भाऊ. लग्नात, मयतीत दिसायचा, बोलणं नव्हतं.

"तुमी जास्त काय बोलायचं न्हाई," सहादेव म्हणाला. "झऱ्याच्या वरच्या अंगाला दगडांचा ढीग हाय, ती आपली शीव, येवढंच. आमी पोरपनापासनं बघतोय त्यो ढीग. खोटं थोडंच हाय?"

"आन मला आठवत न्हाई म्हनलं तर?"

"तुमाला आठवत न्हाई?" सहादेव उठला, चपलेत पाय घातले. "माझ्या आज्यानं कुनाची कोंबडी मारल्ती ते सांगता तुमी. गुरुवारी धाला, बरं का. मच्छिंद्रला सांगतो, धरून आनंल."

"मला काय धरून आनतो? म्या त्याला धरून चालाया शिकीवलं."

पण सहादेव गेल्यावर ती बराच वेळ एकाच मुठीतला हिरडा निवडत बसली.

टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, तोही डांबरीपर्यंत. तिथून गावापर्यंत चढ. रुपाली, बनुबाईची सून, दोन हंडे एकावर एक घेऊन चढून आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. हंडे उतरवून तिनं चुंबळ काढली आणि भिंतीला टेकून मान दोन्ही बाजूंना वळवली. मानेतून बारीक कटकट आवाज आला. डोक्याच्या मधोमध, चुंबळीच्या जागी, रुपयाएवढे केस विरळ झाले होते.

रुपाली मिरजगावाकडची. मच्छिंद्र नगरला एमआयडीसीत होता तेव्हा जमलेलं लग्न. सपाट मुलखातली बाई; पहिल्या वर्षी डोंगराकडं बघून तिला चक्कर यायची.

"आमच्याकडं पाऊस न्हाई म्हनून टँकर," ती म्हणाली. "हितं पावसात भिंतीवर बुरशी, दोन महिने सूर्य दिसत न्हाई, आन वैशाखात पुन्हा टँकरच. मंग म्या कशाला येवढी चढून आले म्हनते मी."

"नवऱ्याचं तोंड बघून आलीस."

"तोंड बघायलाच आले. मान मोडायला न्हाई."

दोघी हसल्या. मग रुपालीनं मापानं पाणी वाटलं: माठात इतकं, गोठ्यात इतकं, उरलं ते आंघोळीला नाही, भांड्याला.

लाइट नव्हती, गिरणी बंद. नागलीचं पीठ संपलं होतं. बनुबाईनं जातं पुसलं आणि बसली. रुपाली समोर बसून खुंट्याला हात लावू लागली. जातं फिरलं की बनुबाईचं तोंड आपोआप उघडायचं. आई म्हणायची, आईची आई म्हणायची, त्या ओव्या.

शिवंच्या धोंड्यापाशी सासर गं सरलं
उंबराच्या वर माझं म्हायेर उरलं

म्हायेरीच्या झऱ्याला पानी गं गार गार
भावानं भरली घागर, डोईला न्हाई भार

रुपालीनं खुंटा धरून ठेवला. जातं घरघरत थांबलं.

"आत्या, ती पयली परत म्हना."

"कोनती?"

"धोंड्याची." रुपालीनं स्वतःच म्हणून बघितली, एकेक शब्द उचलत. "म्हंजे धोंडा उंबरापाशी. आन उंबर तर झऱ्याच्या खाली हाय. मंग झरा..."

बनुबाईनं मूठभर नागली जात्यात टाकली. जातं फिरवलं मात्र नाही.

"झरा म्हायेराचा," ती म्हणाली.

"आन वरचा ढीग?"

बाहेर हिरड्यावर कोंबडी आली होती. बनुबाईनं तिला हाकललं, पुन्हा येऊन बसली, मग बोलली. घरातल्या घरात उशाशी ठेवलेलं गाठोडं सोडावं तसं.

"बावीस वर्सं झाली. मार्गशीर्षात सूप घिऊन गेले. संगट चार बाया. भाऊ आला न्हाई. सूप आपल्या हातानं उतरवायचं नसतं, म्हनून डोक्यावर धरून हुबी ऱ्हायले. दिवस कलला. एक म्हनली, भाऊ इसरला वाटतं. दुसरी म्हनली, इसरला न्हाई, भावजयीनं धरून ठिवला. हसल्या. त्यांचं काय चुकलं? म्याबी हसले आस्ते. तांदूळ तसाच परत आनला. ह्यांनी बघितलं. तुझा सासरा लई तापट. म्हनले, झरा कुनाच्या बापाचा न्हाई. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत गेलो दोघं. धोंडा ह्यांनी पहारीनं उपसून दरीत लोटला. आन झऱ्याच्या वर ढीग रचला."

"मामंजींनी."

"दगड म्या वाह्यले," बनुबाई म्हणाली. "ज्या डोक्यावर सूप हुतं त्याच डोक्यावर. येकाबी बाईनं इचारलं न्हाई, ढीग कवाचा. आधी कुजबुजलं, मंग पोरं मोठी झाली, मंग ती शीवच झाली."

रुपालीनं पदर खाली केला आणि डोकं सासूसमोर वाकवलं.

"ह्ये बघा. मी तुमाला खोटं बोला म्हनत न्हाई. पर बोलायच्या आधी येकदा बघून ठिवा."

बनुबाईनं काळ्या बोटांनी त्या विरळ जागेवरून हात फिरवला. जातं पुन्हा फिरू लागलं, ओवीशिवाय.

गुरुवारी सकाळी मच्छिंद्र उठला तो उखळाच्या आवाजानं. धप्, धप्, आणि मधे धाप. बनुबाईनं कणगीतली काळभाताची साळ काढली होती. सुपाला गिरणीचा तांदूळ चालत नाही. हातानं कांडलेला लागतो. मुसळ तिच्या हातून वर जाताना थरथरत होतं, खाली मात्र बरोबर जागेवर येत होतं. कोंडा उडून पापण्यांवर बसला होता.

"आई! ह्ये काय काढलंस? मार्गशीर्ष हाय का आज?"

"बावीस मार्गशीर्ष ऱ्हायलेत."

मच्छिंद्र उंबऱ्यात बसला. साधा माणूस, आईशी वाद घालायचा तर आधी चहा लागायचा त्याला. "सहादेव काय म्हनंल? सगळा गाव काय म्हनंल? आई, आपल्याला हितं ऱ्हायाचंय."

"मला कुठं जायाचंय? तू पहार घे संगट."

"पहार कशाला?"

"घे म्हनले ना."

रुपालीनं काही न विचारता सूप घेतलं, तांदूळ पाखडला, कणी वेगळी केली. सुपाला हळद-कुंकू लावलं. मग कोपऱ्यातली पितळी घागर चिंचेनं घासायला काढली. पण पाणी वाचवायचे दिवस होते. तिनं घागर राखेनं घासली आणि ओल्या फडक्यानं पुसली.

उंबरमाचीची वाट बनुबाईच्या पायांना पाठ होती. गावाच्या वर आधी पायघशी लागते, तिथं खडक इतका गुळगुळीत की अनवाणीच चालावं लागतं. मग बाळंतिणीची टेकणी, कमरेएवढा दगड; पहिलटकरीण माहेरी निघाली की तिथं पाठ टेकते. बनुबाईनं मच्छिंद्रच्या वेळी टेकली होती. आज तिनं सूप सांभाळत फक्त एक हात दगडावर ठेवला. ऊन चढत होतं. करवंदीच्या जाळ्या काळ्या फळांनी लगडल्या होत्या. मागं मच्छिंद्र पहार खांद्यावर घेऊन, त्यामागं रुपाली, डोक्यावर पितळी घागर आणि काखेत रिकामा हंडा.

"आत्या, सूप घेऊ का जरा?"

"उंबरमाचीची लेक हायेस का तू?"

"न्हाई."

"मंग चाल गुमान."

झऱ्यापाशी दोन्ही गावं जमली होती. कोंदणीचे खाली, उंबरमाचीचे वर, मधे कोठी आणि तिचं कुलूप. मोजणीदार अमृत नावाचा तरणा माणूस होता. उंच काठीवर पांढरं यंत्र लावून तो उंबराच्या सावलीत उभा होता, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. गोरक्ष जरा लांब, दगडावर बसला होता. सत्तरीचा, वाळलेला. धोतर गुडघ्यापर्यंत, करगोट्याला कोठीची किल्ली. झऱ्याला सगळ्यात जवळचं घर त्याचं, म्हणून किल्ली त्याच्याकडं.

सूप दिसलं तशी वरच्या बायकांत कुजबुज झाली. गोरक्षानं मान वर केली आणि लगेच खाली घातली.

"हा, आजी आल्या," अमृत म्हणाला. "बसा. डोक्यावरचं उतरवा, दम खा."

"त्ये आपल्या हातानं उतरवायचं नसतं, सायेब. तुमी इचारा."

"बरं. आधी ह्या बाबांचा जबाब घेतो, मग—"

"आधी आक्काला इचारा," गोरक्ष जमिनीकडं बघत म्हणाला. "मोठी हाय."

अमृतनं कागद मांडीवर घेतला. "आजी, शिवेचा धोंडा तुम्ही स्वतः पाहिला होता?"

"व्हय."

"कुठं होता?"

सहादेव एक पाऊल पुढं आला. बनुबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. सूप दोन्ही हातांनी धरून ती उतारानं चार पावलं खाली आली, उंबराच्या एका मुळापाशी थांबली आणि टाचेनं जमीन दाबली.

"हितं."

क्षणभर नुसता झऱ्याचा आवाज. कोठीच्या आत, झाकणाखाली कोंडलेला.

"काकी!" सहादेवाचा आवाज फाटला. "काकी, ऊन लागलंय तुमाला. नीट आठवा. ढीग तर वर हाय."

"मच्छिंद्र, पहार घाल."

मच्छिंद्र सहादेवाकडं बघत राहिला, मग आईकडं. मग पहार घातली. वैशाखाची माती कठीण. पहार ठणकन वाजायची, तिचे हादरे त्याच्या दंडातून मानेत जायचे. बनुबाई म्हणाली, "शिवंच्या धोंड्याखाली कोळसा पुरत्यात. धोंडा कुनी हलवला तरी कोळसा कुजत न्हाई." हातभर खणल्यावर माती मऊ लागली. मच्छिंद्रनं गुडघ्यावर बसून हातानं उकरली. बाहेर काढली ती मूठ काळी होती. बोटाएवढे कोळशाचे तुकडे, आणि एक खापर.

अमृत वाकला, बघितलं, खड्ड्याचा मोबाईलवर फोटो काढला. यंत्राची काठी तिथं आणून रोवली.

"आणि वरचा ढीग?" त्यानं विचारलं.

"त्यो म्या रचला. मी आन माझ्या मालकानं. बावीस वर्सांमागं. त्येबी लिव्हा."

"लिहू ना?"

"लिव्हा. मालक गेले, पर दगड वाहनारी हाय अजून."

अमृतनं लिहिलं. झरा उंबरमाचीच्या हद्दीत. शाईची डबी पुढं केली. बनुबाईचा एक हात सुपाला होता. दुसऱ्याचा अंगठा तिनं पुढं केला. अंगठा आधीच हिरड्यानं काळा. रुपालीनं कागद पुढ्यात धरला, फडफडू दिला नाही. तिचे ओठ मिटलेले होते.

वरची तरणी पोरं हसली. कुणीतरी शिट्टी वाजवली. सहादेव मटकन बांधावर बसला. "घरोघर नळ येनार हुता," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "सायेब, आमच्या योजनेचं आता?"

"हद्द त्यांची. त्यांच्या ग्रामसभेनं ना-हरकत ठराव दिला, तर लाइन टाकता येईल. नाही दिला, तर नाही. माझ्या हातात फक्त रेघ आहे."

सहादेवानं वर बघितलं. वरची माणसं कुलपाकडं बघत होती. बनुबाई अजून उभीच होती, डोक्यावर सूप. मान किंचित थरथरत होती आणि सुपाच्या कडेवरून एकेक दाणा खाली पडत होता.

गोरक्ष उठला. उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर. पोरांकडं वळून म्हणाला, "दात काय काढता? त्या मार्गशीर्षात चुकला त्यो म्या. मला हसा."

तो बहिणीसमोर येऊन थांबला. दोघांच्या मधे हातभर अंतर.

"मी आल्तो, आक्का."

"कवा?"

"त्याच दिशी. त्या साली हिरडा भिजून सडला, कुनी इकत घेतला न्हाई. खण न्हवता हातात. चार बायांम्होरं रिकाम्या हातानं बहिनीसमोर कसं यावं? ती करवंदीची जाळी बघ. तिच्यामागं बसल्तो. तू दिवस कलंस्तवर हुबी हुतीस. मी बघत हुतो. मला खोकला आला, तवा तू वळून बघितलंसबी."

बनुबाईचे डोळे जाळीकडं गेले.

"मला वाटलं वानर हाय," ती म्हणाली.

गोरक्षाच्या तोंडातून हसू निघालं, ते मधेच खोकल्यात अडकलं. वरच्या एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

"आजबी खण न्हाई गं," तो म्हणाला.

"खणाला आंग कुठं ऱ्हायलंय माझं? सूप घे. मान दुखतीया."

गोरक्षानं उपरणं जमिनीवर पसरलं आणि दोन्ही हात वर केले. सूप उतरलं. तांदूळ उपरण्यात ओतताना काही दाणे मातीत गेले, ते त्यानं एकेक करून वेचले. कुणी घाई केली नाही. अमृतनं यंत्र मिटायला घेतलं होतं, तो तसाच थांबला. मग गोरक्षानं करगोट्याची किल्ली सोडवली, कुलूप काढलं, झाकण सरकवलं. कोंडलेला आवाज मोकळा झाला. गार वास बाहेर आला, शेवाळ्याचा आणि खोल दगडाचा. पितळी घागर त्यानं आत बुडवली. ती बुडबुड करत भरली.

भरलेली घागर त्याला कमरेपर्यंतच उचलता आली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला. घागर पोटाशी आली, पाणी धोतरावर सांडलं. मच्छिंद्र धावला.

"तू थांब," बनुबाई म्हणाली. "तू भाचा. तुझं काम न्हाई त्ये."

ती स्वतःच खाली बसली. आधी एक गुडघा, मग दुसरा. चुंबळ डोक्यावर ठेवली आणि मान ताठ केली. आता डोकं भावाच्या कमरेशी आलं. गोरक्षानं घागर हळूच चुंबळीवर ठेवली आणि दोन्ही हात जरा वेळ घागरीला लावूनच ठेवले. तिनं उंबराचं मूळ पकडलं. चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे कडकडले. पाणी घागरीत डुचमळलं, एक ओहोळ तिच्या कानामागून गळ्यात उतरला. मग ती उभी होती.

"जड हाय का गं?" गोरक्षानं विचारलं.

"न्हाई," बनुबाई म्हणाली.

ती उताराला लागली. जाताना सहादेवापाशी थांबली. "सहादेवा, ग्रामसभेत त्यांच्याकडं ठराव मागायला जाशील, तवा मोटरसायकलीवर नगं जाऊ. पायी जा. आन तांदूळ घिऊन जा."

सहादेव बांधावरून उठला आणि तिला वाट द्यायला बाजूला झाला.

रुपाली मात्र अजून कोठीपाशीच होती. तिनं काखेतला रिकामा हंडा खाली ठेवला होता आणि स्वतः त्याच्यामागं उभी होती, मिरजगावाहून पहिल्या दिवशी आली तेव्हा दारात उभी राहिली होती तशी. वरची पोरं बघत होती. गोरक्ष तांदळाची गाठ बांधून वळला.

"तू मच्छिंद्राची?"

"व्हय."

"म्हायेर कुठलं?"

"मिरजगाव."

"तिकडं झरा हाय का?"

"टँकर हाय," रुपाली म्हणाली.

गोरक्षानं खाली वळून बहिणीच्या पाठीकडं बघितलं. घागर उन्हात चमकत, हेलकावत बाळंतिणीच्या टेकणीकडं चालली होती. आक्कामागं उंबरमाचीची एकही लेक आता कोंदणीत नांदत नव्हती, हे त्यालाही माहीत होतं.

त्यानं हंडा घेतला, भरला, कमरेशी आणून थांबला. रुपालीच्या लक्षात आलं. ती खाली बसली आणि पदर मागं सारून मान वाकवली. डोक्यावरची ती रुपयाएवढी विरळ जागा उन्हात आली. गोरक्षानं हंडा खाली टेकवला, खांद्यावरचं पंच्याचं फडकं काढलं, चौघडी करून त्या जागेवर घातलं, वर तिची चुंबळ ठेवली, मग हंडा ठेवला.

ती उभी राहिल्यावर त्यानं कुलूप उचललं. झाकणाला लावलं नाही. उंबराच्या फांदीला अडकवून ठेवलं, उघडंच.

"मार्गशीर्षात ये," तो म्हणाला. "औंदा खण घिऊन ठिवतो."